माझ्या नंबरचा मासा

मी रेवदंड्याकडची. दर्याला लागून आमचा कोळीवाडा, बापाची स्वतःची होडी, दोन्ही भाऊ बापासंगं जायचे आणि मी नि आई पाटी घेऊन बाजारात. बाईनं होडीवर पाय ठेवायचा नाय, हा बापाचा नियम. मी एकदा, दहाएक वर्षांची असेन, किनाऱ्याला लावलेल्या होडीत नुसती चढून बसले, तर बापानं दंडाला धरून खाली उतरवलं. मारलं नाय, पण उतरवलं. काय सांगू तुम्हाला, मासा कापायला आम्ही, विकायला आम्ही, अंगाला वास घेऊन एस्टीत बसायला आम्ही, आणि मासा पाण्यातनं वर येताना कसा दिसतो ते मला चोपन्न वर्षं ठाऊक नव्हतं.

मग लग्न झालं, यांच्या बहिणीनं इकडून, अमेरिकेतनं, आमचा अर्ज भरला, आणि किती वर्षांनी नंबर लागला ते आता मोजत नाय. हे म्हणजे सुरेश, माझे मिस्टर. ते इथं कारखान्यात मशीनवर आहेत, मी ग्रोसरी स्टोअरच्या फिश काउंटरला. अकरा वर्षं झाली. इथले, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले आपले लोक येतात, सामन माशाकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, ताई, रावस द्या. मी सांगून थकले, बाबांनो, रावस वेगळा, हा वेगळा. आता गप देते. बर्फाची खोकी मी एकटी उचलते, मॅनेजर पोरांना सांगतो, रंजनाकडनं शिका. हे मोठेपणासाठी नाय सांगत, पुढचं कळावं म्हणून सांगते.

आमची लेक प्रिया, शिकागोत नर्स आहे. लहानपणापासनं तिला मी होडीची ती गोष्ट सांगितलेली. तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या वाढदिवसाला तिनं काय केलं, मिशिगनच्या मोठ्या तळ्यावर एक अख्खी बोट बुक केली, कॅप्टनसकट, सामन आणि ट्राउट धरायला. माझ्या नावानं फिशिंग लायसन्ससुद्धा काढलं. तो कागद मी दहा वेळा वाचला असेल. म्हणाली, आई, धिस इज युअर डे. आता मला सांगा, दिवस कुणाचा? पण यांनी काय केलं, मला न विचारता आपले दोन दोस्त बोलावले. नितीन, तो नागपूरचा, आयटीतला, आणि कुलकर्णी. मला आदल्या दिवशी कळलं. मी म्हटलं, अहो, प्रियानं माझ्यासाठी केलंय ना? तर म्हणाले, अगं बोटीत जागा आहे, कशाला वाया घालवायची. आणि मी पहाटे उठून पाच जणांचे पराठे लाटले. स्वतःच्या वाढदिवसाला.

बोट निघाली तेव्हा नुकतं उजाडत होतं. कॅप्टन म्हातारा, कार्ल नाव, बोलायला कमी पण हात असे चालायचे की माझ्या बापाची आठवण आली. किनारा दिसेनासा झाला आणि मला वाटलं, हा तर दर्याच की, नुसतं मीठ नाय. तिथं जाळं नसतं. बोट अगदी हळू, माणूस चालतो तशी चालवायची, आणि मागं सात-आठ दोऱ्या सोडायच्या. शिशाचे जड गोळे तारेनं खाली जातात, दोरी त्यांना अडकवलेली, टोकाला चमकणारी पत्र्याची पट्टी नि गळ, तिला ते स्पून म्हणतात. मासा लागला की वाकलेला रॉड फाडकन सरळ होतो नि रीळ ओरडायला लागतं. त्याला ट्रोलिंग म्हणतात. सगळं मी कार्लला विचारून घेतलं, माझ्या मोडक्या इंग्लिशमधी, आणि त्यानं सगळं नीट सांगितलं, हसला नाय.

मासा लागला की रॉड कुणी धरायचा, त्याचे कार्लनं नंबर लावले. पहिला नितीन, दुसरी मी, तिसरे हे. नितीनला लेक ट्राउट लागला, बरा होता, त्यानं ओढला आणि मग त्याला बोट लागली, तो आडवा झाला. नंतर तासभर काय नाय. पाणी आरशासारखं, ऊन वर आलेलं, कुलकर्णी मोबाइलवर. आणि एकदम कोपऱ्यातला रॉड उडाला. कार्ल ओरडला, रंजना, युवर्स! मी धावले, रॉड हातात घेतला, आणि काय सांगू तुम्हाला, खालून कुणीतरी मला ओढतंय, जिवंत, रागीट. रीळ असं पळालं की कार्ल म्हणाला, किंग सामन आहे, मोठा आहे, थांबवू नको, पळू दे. मी पळू दिला. मग थांबला तसा थोडा ओढला. परत पळाला. परत ओढला. दंड भरून आले, रॉडचा बुंधा पोटात रुतला, पण मला थांबायचंच नव्हतं, मी हसत होते, प्रिया रडत होती, व्हिडिओ काढत होती.

आणि दहाएक मिनिटांनी हे आले. दे इकडं. मी म्हटलं, नको, जमतंय मला. अगं सुटेल, तुला नाय जमायचं, दे. कार्ल म्हणाला, सर, तिचा मासा आहे. प्रिया म्हणाली, बाबा, डोन्ट! पण यांनी रॉडला हात घातलाच. मी सोडेना, हे सोडेनात, दोघांच्या झटापटीत दोरी सैल पडली, आणि मला दिसलं की आता मासा जाणार. तेव्हा मी सोडला. मासा जाऊ नये म्हणून सोडला. याचाच मला जास्त राग येतो, बघा. यांचा येतो तो येतोच, पण माझे हातच सुटले ना.

मासा बोटीत आला. वीस पौंडाच्या वर, पाठ काळपट हिरवी, पोट चांदीसारखं. हे त्याला उचलून उभे राहिले, कुलकर्णी फोटो काढतोय, मला म्हणतो, वहिनी, तुम्ही शेपटी धरा. प्रिया म्हणाली, डॅड, दॅट वॉज मॉम्स फिश. तर हे म्हणतात, अगं घरातच आलाय ना, तिचा काय नि माझा काय. यानंतर यांचा स्वतःचा नंबर आला तो वेगळाच. तोसुद्धा यांनी घेतला.

बंदरावर कार्ल मासे साफ करायला लागला. मी म्हटलं, सुरी द्या. त्यानं माझ्याकडं बघितलं नि दिली. किंग मी कापला, एका दमात, काट्याला मांस राहिलं नाय. कार्ल म्हणाला, कुठं शिकलीस? मी सांगायला तोंड उघडलं तर हे मधीच, शी वर्क्स इन अ स्टोअर. बास, एवढंच. माझी आई, माझा गाव, सगळं पुसून स्टोअर.

रविवारी दहा माणसं जेवायला बोलावली. मी कालवण केलं, तळलं, सगळं केलं. आणि हे हॉलमधी हात पसरून सांगतायत, असा ओढत होता, मी म्हटलं ये बेट्या. इथल्या मराठी मंडळातल्या बायका माझ्याकडं बघून कौतुकानं हसतायत. मी गॅस बंद केला, हात पुसले, बाहेर आले आणि म्हटलं, तो मासा माझा होता. माझा नंबर होता, मी धरला होता, यांनी माझ्या हातातनं हिसकावला.  कुलकर्णी म्हणाला, जाऊ द्या ना वहिनी, गंमत होती. मी म्हटलं, तुम्ही होता ना तिथं, मग सांगा, गंमत होती? त्यानं ताटात बघितलं.

लोक गेल्यावर हे म्हणाले, चारचौघांत माझी अब्रू काढलीस. मी म्हटलं, मी फक्त झालं ते सांगितलं. आठ दिवस बोलले नाय. मग बोलले ते काय, तर तुला एवढंच आहे तर बोटीवर परत जा. माफी नाय. परत जा.

मी गेले. याच ऑगस्टमधी, प्रियाला घेऊन, कार्लच्याच बोटीवर, तिसरं कुणी नाय. सकाळभर दोन बारके कोहो सामन मिळाले. आणि मग लागला एक किंग. वीस मिनिटं मी एकटी होते त्याच्यासंगं. बोटीजवळ आला, कार्ल जाळी घेऊन वाकला, मला त्याचा डोळा दिसला, आणि त्यानं एक उसळी घेतली नि गळ निघाला. गेला. प्रिया ओरडली, ओ नो! कार्ल सॉरी म्हणाला. मी म्हटलं, सॉरी कशाला? खाली बसले आणि रडले, पण ते रडणं वेगळं होतं, ते माझं होतं. घरी आले, यांनी विचारलं, काय मिळालं? मी खरं सांगितलं. तर म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं मी?

आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षांचा संसार, एका माशासाठी किती धरून बसते बाई. प्रियासुद्धा म्हणते, आई, लेट इट गो. मी म्हणते, का? गाडी शिकत होते तेव्हा हेच, दे इकडं, ठोकशील. बँकेचा फॉर्म, दे इकडं, चुकशील. सगळं दिलं मी. इतकी वर्षं दिलं, तेव्हा कुणी म्हणालं नाय की सुरेश, सोड आता.

ते तिकडं हॉलमधी आहेत. मघापासनं मॅचचा आवाज बारीक केलाय, म्हणजे ऐकतायत. ऐकू देत. मी काय त्यांचं वाईट चिंतत नाय, देव त्यांना भरपूर आयुष्य देवो, गुडघे दुखतात ते बरे करो. पण तुम्ही हे लिहाल ना, ते जसं सांगितलं तसं लिहा. नावं बदलू नका. माझंही नको, त्यांचंही नको.