रुमालाखालचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या नानांना घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात कधी जाऊ नका राव! मी गेलो व्हतो. गाड्यांच्या रेसचा गेम माझ्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत चालायचा, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड पाहिजे व्हतं. नाना म्हणजे माझे चुलते, येडगावचे, बैलांचे व्यापारी. म्हणाले, "पैशे मी देतो, पण सौदा मी करणार."

पुण्यातल्या दुकानदारानं दोन कार्डं पुढं ठेवली. नानांनी मोठं उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"हे खातं किती?"

दुकानदार हसला. "लाईट जास्त लागते काका. पॉवर सप्लायपण बदलावा लागेल."

"मग नको. आमच्याकडं लाईट असती कुठं? त्या बारक्याचं बोला."

त्यानं भाव सांगायला तोंड उघडलं, तर नाना ओरडले, "आरं, चारचौघांत?" आन् खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकून आत बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, मुक्यानं. दुकानदार घामाघूम!

"काका, हात सोडा. तुम्ही म्हणाल तो भाव!"

नानांनी पैशेबी माझ्याकडं पाठ करून दिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "केवढ्याला पडलं?"

"रुमालातलं रुमालात ऱ्हाऊ दे."

पुढच्या वर्षी रॅम घ्यायला एकटाच गेलो आन् भाव विचारला. दुकानदारानं बाकीच्या गिऱ्हाइकांकडं बघितलं, मॉनिटर पुसायचं फडकं आपल्या हातावर टाकलं आन् हळूच म्हणाला, "दे हात."