छावणीच्या मैदानावरचा शेवटचा डाव

माझं माहेर वडीगोद्रीच्या अंगाला, धनगराची वस्ती, आन् सासर जालन्यात छावणीच्या मैदानाला लागून. लगीन ठरलं तवा बापानं एवढंच सांगितलं की पोराकडं मेंढरं हायेत, पर काय सांगू तुम्हाला, ती मेंढरं सायबाच्या खेळासाठी चरत्यात हे कुणीच न्हाई सांगितलं. गोलफ म्हणायचे त्याला. मोठ्ठं मैदान, लांब लांब जमिनीत वाटीएवढी भोकं, दर भोकात काठीवर झेंडा, आन् सायब लोक लांबून चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचे. गवत वाढलं की चेंडू हरवायचा, म्हणून आमची मेंढरं. भोकाभवती वाळू असायची, ती तेल मारून दाबायची, ते काम मालकाचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं. झेंडे शिवायचं काम माझं.

नाताळाच्या टायमाला दर साली मोठा डाव व्हायचा, निस्ता गड्यांचा, बायामाणसं तंबूत बसून बघायची. सासरा सांगायचा, पैले छावणीतलेच दोन-चार सायब आपसात खेळायचे, मंग औरंगाबादेहून, सिकंदराबादेहून रेल्वेनं यायला लागले, मंग चांदीचा प्याला आला, जो जितंल त्याचं नाव त्याच्यावर कोरायचे. पुढं पुढं तर असे गडी आले की त्यांचं पोटच ह्या खेळावर. मालकाला त्याचं लई नवल वाटायचं, म्हणायचे बग, चेंडू मारतो आन् खातो. पर ह्यांनी सोता कधी खेळायची काठी हातात धरली न्हाई, नोकराला बिलकुल मनाई व्हती. दुसऱ्या मोठ्या लढाईत डाव बंद पडला, मंग पुन्यांदा सुरू झाला, पर पैल्यासारखा न्हाई.

शेवटच्या साली बाजारात कपडा मिळंना. सायब म्हणाला, कुठल्या बी रंगाचे शिव, लांबून दिसले म्हंजे झालं. मंग मी माझं हिरवं लुगडं फाडलं, मालकाचं धोतर फाडलं, आन् त्यांचा जुना भगवा फेटा व्हता तो फाडला. काही झेंडे हिरवे, काही पांढरे, काही भगवे. मला काय माहीत हो, निजामाच्या राज्यात मी तसल्या तीन रंगाचा झेंडा कुठं बघितला व्हता?

त्या साली चारच सायब आले, अर्धा डाव खेळले आन् सामान बांधलं. आमचा सायब मालकाला म्हणाला, झेंडे सांभाळ, पुढच्या नाताळाला येतो. आन् गेला.

मंग ते भ्याचं साल सुरू झालं. अंबडाकडून, घनसावंगीकडून माणसं गाठोडी घेऊन सरहद्दीपल्याड नगर जिल्ह्याकडं निघून राह्यली व्हती. खाकी घातलेले बंदूकवाले घरांच्या झडत्या घ्यायचे, त्यांचं नाव मी अजून घेत न्हाई. शेजारीण आडावर पाण्याला आल्ती, ती म्हणाली, पल्याडच्या गल्लीत एकाच्या घरी तिरंगा घावला, त्याला नेलं तो आलाच न्हाई. म्या इचारलं, तिरंगा म्हंजे कसा गं? ती म्हणाली, भगवा, पांढरा, हिरवा. म्या घागर तिथंच ठेवली. घरी आले आन् मालकाला म्हणलं, आत्ताच्या आत्ता जाळा. तर हे म्हणतात, सायबाची अमानत हाये, कशी जाळू? मी रडले, भांडले, पाया पडले. न्हाई म्हंजे न्हाई. मंग म्या ते झेंडे लोकरीच्या ढिगाखाली दाबले, आन् तवापासून कुत्रं भुंकलं तरी मी त्या ढिगावर जाऊन बसायची. भाकर थापताना कान दाराकडं. मालक वरून सबूर दाखवायचे, पर ते बी जेवत नव्हते.

आले एक दिवस, भर दुपारचे. लोकर उपसली आन् झेंडे बाहेर काढले. त्यांचा म्होरक्या उंच व्हता, हळू बोलायचा, त्याचंच जास्त भ्या वाटलं. ये क्या है रे? मालक हात जोडून म्हणाले, खेल के हैं हुजूर, साहब लोग का गोलफ. तो म्हणाला, तीन रंग के? मालकानं जोडलेले हात कपाळाला लावले. मंग तो म्हणाला, चल, खेल के दिखा. सब झेंडे लगा.

मालकानं मैदानावर झेंडे लावले. वारा व्हता, सगळे फडफडायला लागले. ज्या रंगापायी माणसं मरून राह्यली व्हती ते रंग उघड्या मैदानावर, आन् त्याच्याखाली बंदूकवाले हुबे. मेंढराच्या पायात घावलेले चेंडू आमच्याकडं टोपलीभर व्हते, त्यातला एक घेतला. म्होरक्या म्हणाला, मेरे साथ खेल. आता बघा तुम्ही, हे चुकले तर म्हणंल झूट बोलतो, खेळ येत न्हाई. जितले तर त्याची अब्रू जाते. मी छपराच्या मेढीला धरून हुबी.

मालकानं मेंढरं हाकायची काठी उलटी धरली. मारला. आन् काय सांगू, जन्मात पैल्यांदा मारलेला चेंडू वाळूवरून सरळ गेला, झेंड्याच्या काठीला थडकला आन् भोकात पडला. म्होरक्याचं तोंड असं बारीक झालं. मालक पांढरेफटक. मला कळलं, आता ह्यांना नेतात.

म्या पदर सावरला आन् पळत मैदानात गेले. परक्या गड्याशी कधी बोलले नव्हते. म्या म्हणलं, हे न्हाई धरत, झेंडा काढल्याबिगर चेंडू गेला तर डाव बाद, सायब लोक न्हाई धरायचे. खरं का खोटं देव जाणे, तोंडाला आलं ते बोलले. आन् चेंडू काढून त्याच्यासमोर ठेवला, झेंडा उपटून हातात धरला, म्हणलं, तुम्ही मारा दादा. त्यानं मारला, चुकला. म्या म्हणलं, पैला धरत न्हाईत. पुन्यांदा मारला, तवा गेला. मंग तो हसला. त्याचे गडी बी हसले, बंदुका खाली ठेवून एकेक जण काठी मागायला लागला. उन्हं उतरेस्तोवर खेळले, आमचं दूध पिले, आमचाच झेंडा कुणी धरायचा म्हणून भांडले. जाताना म्होरक्या म्हणाला, खेल ही है, मगर जला दो. आमचे दोन एडके घेऊन गेला. म्या झेंडे जाळले. मालक बसून बघत व्हते.

त्याच्यावर पुन्यांदा डाव झाला न्हाई. पावसाळा सरता सरता फौज आली, निजाम गेला, लोकांनी पेढे वाटले. मालकानं पेढा घेतला आन् हातातच धरून बसले. त्यांचा जीव वाचला, म्या वाचवला म्हणतात लोक, पर भ्या राह्यलं ते राह्यलंच. खाकीतला पोस्टमन दारात आला तरी हात जोडून उठायचे आन् म्हणायचे, खेल का है हुजूर, खेल का है. तो बिचारा म्हणायचा, बाबा, टपाल हाये. जीव जाईस्तोवर त्यांचं हेच.

ते गेले त्याला लई वर्सं झाली. मैदानावर घरं झाली. माझं बराबर चाललंय, नातसुना भाकर देतात. मघा तुम्ही फाटकात हुबे राह्यलात ना, तवा मी तुमच्या तोंडाकडं न्हाई बघितलं, पैले कपड्याकडं बघितलं. पांढरे व्हते, म्हणून बसा म्हणलं. सुखी राव्हा बाबा. पुढच्या टायमाला बी असेच पांढरे घालून या.