रांग म्हणजे रांग

विषय : मेहुण्याने सोशल मीडियावर मला 'फायलीतलं झुरळ' म्हटल्याबाबत. संदर्भ : माझाच तक्रार अर्ज.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त कारकून, दुसरं काय करणार! अहो, पण तुम्हाला सांगतो, ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्यानं हे लिहिलं ना, त्याच कंपनीत आमची लेक नोकरीला, आणि तीही असले अपशब्द तपासून पुसायच्या खात्यात! म्हटलं, घरचंच माणूस आहे, पुसेल चटकन... तर म्हणते कशी, "बाबा, रांग म्हणजे रांग." माझंच वाक्य! उभी हयात खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवलेलं!

पूर्वी बरं होतं हो. एक शिवी आली की एक जण ती वाचायचा, दुसरा ती वाचल्याची खात्री करायचा, तिसरा तिच्यावर बैठक बोलवायचा आणि चौथा बैठकीसाठी गुबगुबीत उशा आणायचा. आमच्या कचेरीनंही हात टेकावेत अशी खोगीरभरती! मग कंपनी विकली गेली, नवा मालक आला, आल्या आल्या उशा गेल्या, मग उशा आणणारे गेले, मग उशांवर बसणारे... कॉफीचं यंत्रसुद्धा गेलं! आणि अख्ख्या खात्यात उरलं कोण? आमची लेक! समोर तक्रारींचा डोंगर. तिची आई रोज बजावते, "जपून राहा गं बाई, जावई घरी बसलेत, तुझ्या एकटीच्या पगारावर घर चाललंय."

आणि नेमकं तेव्हाच लोकांनी तिथंच मालकाची सालं काढायला घेतली! कुणीतरी त्याला 'उशीचोर' म्हटलं. झालं! आला तणतणत हिच्या टेबलापाशी.

"हे आत्ताच्या आत्ता पुसा!"

"तक्रार नोंदवा, सर. नंबर आला की बघते."

"अहो, मी मालक आहे!"

"हो सर. पण रांग म्हणजे रांग."

"काढून टाकीन!"

"टाका की. मग तुमची तक्रार बघायला खात्यात कुणी उरणार नाही, एवढंच."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला, आणि मी? अहो, माझी छाती अशी फुगली की सदरा उसवायचा बाकी होता! वाक्य माझं असेल, पण ते थेट मालकाच्या तोंडावर म्हणायची धमक तिची! मालक मुकाट्यानं तक्रार टंकून गेला. नोकरी शाबूत आहे... आजपर्यंत तरी.

परवा हळूच विचारलं, "अगं, त्याचा नंबर माझ्या आधी की नंतर?"

"तुमच्या मागेच, बाबा."

ऐकलंत? एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक रांगेत माझ्या मागे उभा! राहवेना, मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो खो खो हसला, म्हणाला, "म्हणजे झुरळ पुढे अन् मालक मागे? वा भाऊजी!" आणि मेल्यानं लगेच तेही तिथं लिहून टाकलं.

त्याबाबत मी दुसरा अर्ज केला आहे. तो मालकाच्या मागे लागला. तिन्ही अर्ज प्रलंबित आहेत.