दगडावर काय लिहायचं

सून : हा 'त' बाकीच्या अक्षरांपेक्षा उथळ आहे. सावली बघा. इतरांच्या तळापर्यंत ऊन पोचत नाही, याच्या पोचतंय.

कारागीर : पकडलंत! ज्यांचा दगड आहे ते येऊन हात फिरवून गेले, त्यांना नाही दिसलं. ताई, तुम्ही सोनाराकडे असता का?

सून : प्रयोगशाळेत. रक्त तपासते.

कारागीर : मग बरोबर. त्या जागी दगडात गाठ निघाली, छिन्नी उसळायला लागली. आणखी जोर दिला असता तर टवका उडाला असता.

सून : आणि उडाला असता तर?

कारागीर : तर बसा बोंबलत. एकटं अक्षर काही काढता येत नाही. दगडाचं सगळं तोंड घासून खाली आणायचं, चूक जेवढी खोल तेवढं. शेजारची चांगली अक्षरंही त्यात जातात. म्हणून मी आधी खडूने लिहून गिऱ्हाइकाला दाखवतो. खडूवर काय वाटेल तेवढं भांडा.

सासूबाई : भांडायला नाही हो आलो. बाळाच्या दगडाचं बघायला आलोय. थडग्यावर लाकडी क्रूस होता, तो पावसात कुजला. पाळकसाहेब म्हणाले, आता काही लावलं नाही तर जागा ओळखू यायची नाही.

कारागीर : तो काय, खिडकीखाली. पॉलिश झालंय. परवा फोनवर तुम्ही ओळ सांगितलीत माई, तीही त्यावर खडूने लिहून ठेवलीय. हो म्हणा, जेवण झालं की छिन्नी लावतो.

सून : आई, कुठली ओळ?

सासूबाई : अगं, नुसती सुचवली. वर्ष होत आलं. तुझ्या नवऱ्याला विचारलं की म्हणतो, 'तिला विचार.' तुला विचारलं की तू म्हणतेस, 'बघू.' मग मीच म्हटलं…

सून : 'प्रभूची इच्छा पूर्ण झाली.'

सासूबाई : समाधानाची ओळ आहे गं. कुणी वाचलं तर त्यालाही धीर येईल.

सून : मला नाही आला. दवाखान्याच्या दारापासून दफनभूमीपर्यंत हीच ओळ ऐकत होते. आता दर वेळी फुलं ठेवताना वाचू?

सासूबाई : मग तू सांग. तू सांगत नाहीस म्हणून तर…

कारागीर : राहू द्या माई. ताई, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. एवढुसे दगड करताना माझाही हात जड होतो. आमच्या हिने तर तुमच्यासाठी उपास धरला होता.

सून : तुमच्या मिसेस आईंच्या प्रार्थना मंडळात आहेत?

कारागीर : पहिल्यापासून. बाळाच्या काळजात दोष आहे कळलं, त्या दिवसापासून रोज तुमचं नाव घ्यायची. बाळ बरं व्हावं, तुमचं मन वळावं…

सून : माझं मन कुठून कुठे वळायचं होतं?

सासूबाई : आपण ओळीचं बोलू या का? ह्यांची कामं खोळंबलीत.

सून : त्यांना बोलू द्या, आई.

कारागीर : नाही, म्हणजे… तुम्ही म्हणाला होतात ना, हे मूल नको म्हणून. माणूस घाबरतो ताई. मी हिला तेव्हाच म्हटलं, पोरीला दोष देऊ नका. माई, मी काही भलतं बोललो का?

सून : नाही. बरं झालं बोललात.

कारागीर : आमच्या तोंडाला कुलूप नाही, हिचं म्हणणं खरं आहे. मी जरा चहाचं बघतो.

सून : थांबा, चहा नको. आई, बाळाचं दुखणं तुम्ही मंडळात सांगितलंत, हे मला माहीत होतं. त्याचाच राग होता. हे माहीत नव्हतं.

सासूबाई : मी चहाड्या नाही केल्या. देवाशप्पथ… नाही, शपथ नको घ्यायला. प्रार्थनाच मागितली. गुडघे टेकून, डोळे मिटून.

सून : डोळे सगळ्यांचे मिटलेले होते. कान उघडे होते.

सासूबाई : तू ओट्याला टेकून उभी होतीस. रिपोर्ट हातात. म्हणालीस, 'मला हे मूल नको.' माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी एकटी ते कुठे घेऊन जाऊ?

सून : म्हणाले होते. नाही म्हणणार नाही. बाकीच्या बायांना डॉक्टर समजावून सांगतात, मला तो कागद वाचताच कळला होता. तिला काय काय सोसावं लागेल, किती वेळा फाडतील, सगळं. त्या संध्याकाळी मी म्हणाले, नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानटोपी विणायला घेतली. पिवळ्या लोकरीची. तुमच्याकडूनच सुया मागून घेतल्या.

सासूबाई : आठवतंय.

सून : ते सांगितलंत मंडळात?

सासूबाई : नाही.

सून : का?

सासूबाई : त्यात… देवाकडे मागण्यासारखं काही नव्हतं ना गं.

सून : म्हणून. म्हणून अंत्यविधीला माझ्या बाकावर मंडळातली कुणी बसली नाही. मला वाटलं, मला मोकळं रडू द्यावं म्हणून लांब बसल्या. आणि त्यांच्यातल्या शिंपीणबाई हात धरून म्हणाल्या, 'सुटलीस गं आता.' मी वर्षभर विचार करतेय, कशातून सुटले?

सासूबाई : ती असं म्हणाली?

सून : मायेनेच म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

सासूबाई : प्रभू, प्रभू…

सून : आता त्याला मध्ये आणू नका, आई. हे आपलं आहे.

सासूबाई : रविवारी उपासना झाली की मी उभी राहते. सगळ्यांसमोर सांगते, माझ्या सुनेने मुलीसाठी टोपी विणली होती, तिने…

सून : नको.

सासूबाई : अगं, तुझं चांगलंच सांगेन.

सून : चांगलंही नको. माझ्याबद्दल आता कुणाला काहीच सांगू नका. त्याही बिचाऱ्या ते घेऊन घरी जातील, नवऱ्यांना सांगतील, ह्यांच्यासारखे नवरे कुणाला तरी धीर द्यायला जातील. सगळे चांगलेच आहेत, आई. वाईट कुणीच नाही, हाच त्रास आहे.

कारागीर : मी बाहेर जातो, ताई.

सून : बसा हो. तुमचं दुकान आहे.

सासूबाई : ती टोपी कपाटात दिसली नाही. मी शोधली होती. विचारायचा धीर झाला नाही.

सून : तिच्याबरोबर गेली. पेटी बंद करायच्या आधी मी घातली तिला. थोडी मोठी होत होती. कपाळावर दुमडून घातली.

सासूबाई : मी तिथेच होते.

सून : तुम्ही पाहुण्यांशी बोलत होतात.

सासूबाई : मला बोलवायचंस. एक हाक मारायची होतीस मला.

सून : बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

सासूबाई : …हो. सांगितलं असतं मी.

सून : मग?

सासूबाई : मग काही नाही. खरं तेच म्हणतेय. मला सांगितल्याशिवाय राहवतच नाही. तुझे सासरे गेले, तेव्हापासून घरात आवाज म्हणून नाही. तो ड्युटीवर. तू दमून येतेस, पुस्तक उघडतेस. त्या बायकांपुढे तोंड उघडलं की छातीवरचा धोंडा उतरायचा. तो कुणाच्या अंगावर पडतोय, हे बघितलंच नाही मी.

सून : मीही कुठे तुमच्याशी बोलले? 'हो', 'नाही', 'जेवलात का'. घरात बोललेलं बाहेर जातं, म्हणून बोलायचंच नाही, असं ठरवलं. शहाणपणाचं वाटलं. मी गप्प होते, त्यामुळे त्या एका वाक्यापुढे दुसरं काही आलंच नाही.

सासूबाई : तुझ्यावर घेऊ नकोस.

सून : घेत नाही. मोजतेय.

सासूबाई : मग मी आता करू तरी काय?

सून : मंडळात जात राहा. देवाला काय सांगायचं ते सांगा. त्याला बाळाचा रिपोर्ट माहीत आहे, सुनेचं नाव माहीत आहे. ते मोठ्याने सांगावं लागत नाही.

सासूबाई : अहो, ते ओलं फडकं द्या इकडे.

कारागीर : माई, मी पुसतो ना.

सासूबाई : मी लिहायला लावलं. द्या.

(सासूबाई वाकून खडू पुसतात.)

कारागीर : काना राहिलाय बघा, कडेला. पॉलिशवर खडू असा धरून बसतो. थोडं पाणी घ्या अजून.

सासूबाई : गेला?

कारागीर : गेला. मग ताई, दगड कोरा ठेवू का? कोरे दगडही नेतात लोक. त्यात गैर काही नाही. का नाव टाकायचं?

सासूबाई : नाव कुठे ठेवलं होतं…

सून : ठेवलं होतं, आई. आम्ही दोघांनी.

सासूबाई : ठेवलं होतंत? मला… नाही. विचारत नाही.

सून : आज नको.

सासूबाई : विचारत नाही गं. कधी सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं, तरी माझी नात ती आहेच.

सून : खडू आहे?

कारागीर : हा घ्या. तुम्ही लिहिणार?

सून : तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. वर तारीख. एकच आहे, आली तीही तीच, गेली तीही तीच.

कारागीर : आणि खाली?

सून : वर्षभर सगळ्यांना सांगितलं, शब्द सापडत नाहीत. सापडले होते. म्हणायची हिंमत नव्हती. वाटायचं, हेही कुठेतरी जाईल.

कारागीर : दगडावरचं कुठे जातंय, ताई.

सून : 'हवी होती.'

कारागीर : हवी… होती. बस? कुणाला, ते नको? वाचणाऱ्याला अर्धवट वाटेल.

सासूबाई : 'आईला' लिहा. आईला हवी होती. बरोबर ना गं? ज्यांनी ऐकलंय, त्यांनी एकदा वाचू दे.

सून : त्यांच्यासाठी नाही लिहायचंय, आई.

सासूबाई : बरं. तू म्हणशील तसं. मी काही बोलत नाही.

कारागीर : मग काय लिहू, ताई? खडू आहे, चुकलं तरी पुसता येईल.

सून : नाही, आता पुसायचं नाही. लिहा. 'आम्हांला हवी होती.'