रिकाम्या स्टँडचा एक्स-रे

हातोडीने स्वतःचंच बोट ठेचून आलेला सुतार एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. क्रेन चालवणाऱ्या मावशींची आत तंत्रज्ञाशी जुंपलेली उघड्या दारातून त्याला स्पष्ट ऐकू येत होती.

"मावशी, फुफ्फुसात ठिपका आहे. डॉक्टर म्हणतात, आधी दाखल व्हा. तोवर क्रेन बंद."

"तेवीस वर्षं क्रेनवर चढतेय. आता एका ठिपक्यासाठी उतरू?"

"मशीन खोटं बोलत नाही हो."

"आमचे हेही स्वतःबद्दल असंच सांगायचे. माझ्याआधी तो दाढीवाला होता ना? लाव त्याचा फोटो शेजारी."

"...त्यालाही तिथेच आहे."

"आणि त्याच्या आधीची ती मास्तरीण?"

"तिलाही."

"म्हणजे साथच आली की! आता मी बाजूला होते. रिकाम्या स्टँडचा फोटो काढ."

"असं कुणी काढत नाही, मावशी."

"म्हणून तर सगळे आजारी निघताहेत. काढ, नाहीतर मी इथून हलत नाही."

दार लागलं. आत घरघर झाली. दार उघडलं.

"मावशी... ठिपका आहे. प्लेटवरच काहीतरी चिकटलंय."

"मग तिला कर दाखल. माझा दुसऱ्या प्लेटवर काढ, दोन वाजता ड्यूटी आहे."