वहिनीचा स्पॅम फिल्टर

आमच्या वहिनीले मानलं बे आपन! उंद्रीले घरीच मेलचा सर्व्हर चालवते ते. मधी त्याचा स्पॅम फिल्टर चांगल्या मेलही अडवू लागला. ॲडमिशनची तारीख तोंडावर, अन् पुतनीची कॉलेजची मेल गायब!

मी म्हनलो, "वहिनी, फिल्टरच काढून फेका."

"काऊन? तो बदमाशांची यादी ठेवनाऱ्यांले विचारते, पन साऱ्या दुनियेच्या डीएनएसमार्फत, म्हन्जे इंटरनेटवरचे पत्ते सांगनाऱ्या सामाईक सर्व्हरमार्फत. एकाच दारातून इतक्या लोकायचे सवाल आले की यादीवाले वैतागून 'नाही सांगत' म्हनतात, अन् हा समजते, पाठवनारा बदमाशच हाय! सोयरिकीची चौकशी कोनी चावडीवर करते का? आपनच जा लागते."

तिनं घरचाच डीएनएस बसवला, साऱ्या मेल पुन्हा तपासल्या. कॉलेजची मेल सापडली. स्पॅममधी एकच राह्यली, माझा रोजचा सुविचार.

"हे काऊन, वहिनी?"

"भाऊजी, आता फिल्टर बराबर चालून राह्यला."