जळगावात राहून केळं सोडलं

...आणि वर मलाच विचारतात, सज्जनबाई, सोडायला दुसरं काही मिळालं नाही का, केळंच सापडलं? अहो, काय सांगू! दोन वर्षांपूर्वीचा चातुर्मास, आमच्या जैन स्थानकात महासतीजींचं, म्हणजे साध्वींचं, व्याख्यान चाललेलं, मी मागे खांबाला टेकून बसलेली, आणि महासतीजी अभिग्रहाबद्दल सांगत होत्या. अभिग्रह म्हणजे काय, तर मनातल्या मनात एक अट धरायची, अमुक घडेल तेव्हाच अमुक वस्तू घेईन, तोवर नाही. आणि ती अट कुणाला सांगायची नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, ज्याच्यासाठी धरली त्याला तर मुळीच नाही! झालं. मी डोळे मिटले, हात जोडले आणि धरलं मनात: माझा श्रेयांस, कुणी न सांगता, स्वतःच्या हाताने केळं सोलून मला देईल त्या दिवशी केळं खाईन. डोळे उघडले, समोर पंखा फिरतोय, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की बाई गं, आपण जळगावात राहतो!

तुम्हाला सांगते, या गावात माणूस एक वेळ चहा सोडू शकेल. आमच्या ह्यांचं, भिकमचंदजींचं, भांड्यांचं दुकान. रावेरकडचं गिऱ्हाईक पातेलं घ्यायला येतं ते घड घेऊनच येतं. स्थानकाबाहेर केळी, लग्नात केळी, कुणाला बघायला दवाखान्यात जा, तो आजारी माणूसच उशाचं केळं काढून आपल्याला देतो! वेफर्स तरी खावेत म्हटलं, तर मन म्हणतं, सज्जन, कच्चं असलं म्हणून काय, केळंच ना ते? आणि आमची शेजारीण ज्योती, पिंपळनेरची, तिचं आपलं रोज कुंपणावरून, "अक्का, केळं सोडी दिन्हं का तुम्ही? साखर शे का? बठ्ठं जळगाव खास, नि तुम्हीच नही!" सगळं जळगाव खातं, मीच नाही, म्हणे! आता हिला काय उत्तर देऊ? साखर आहे म्हणावं तर खोटं बोलणं झालं. खरं सांगावं, तर... सांगायचं नसतं ना!

तुम्ही म्हणाल केळंच का. तर हा श्रेयांस दुसरी-तिसरीत असताना शाळेतून आला की दप्तर सोफ्यावर, एक चप्पल दारात, एक कुठे ते त्यालाच ठाऊक, आणि केळं सोलून आधी अर्धं माझ्या तोंडात कोंबायचा. मी लाटत असायची, हात पिठात, नाही तरी म्हणता यायचं नाही. तोंड भरलेलं ना! तेवढंच हवं होतं हो मला. महासतीजींना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, हा मोह आहे. आहेच. मी कुठे नाही म्हणते? आमच्यात भगवान काही देत नाहीत, त्यांच्याकडे मागायचं नसतं. मी मागितलं नाही. मी वाट बघितली.

आता हा पुण्यात. तो आणि सूनबाई चेलना, धुळ्याची माझी चेलना, दोघं एकाच कंपनीत. कंपनी घरोघरी माल पोचवते. ही दोघं माल पोचवत नाहीत, माल कसा पोचावा ते संगणकाला सांगतात. त्याला म्हणतात वर्कफ्लो, म्हणजे कामांची साखळी, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मला कसं माहीत? अहो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भांडतात ना! मला वाटायचं आज विचारील, मम्मी कशी आहेस. तर हा कपाळाला आठ्या घालून, "मम्मी, तूच सांग, कोणाचं बरोबर? मी कोडात लिहितो. आधी ऑर्डर घे, मग गोदामात बघ, माल नसला तर दुसऱ्या गोदामात बघ, तिकडून उत्तर नाही आलं तर पाच मिनिटं थांबून परत विचार, असं तीनदा, तरी नाही तर माणसाला कळव. पायरी न् पायरी माझ्या हातात! यात वाईट काय?"

की मागून चेलनाचं डोकं पडद्यात शिरतं, "मम्मीजी, ते ह्यांनी चार हजार ओळींत लिहिलंय! मी एका फाइलीत नुसतं मांडते. ही ही कामं, हे त्याच्या आधी हवं, आणि शेवटी हे झालेलं हवं. बस. कसं करायचं ते यंत्र बघून घेतं. काल लागलेल्या मुलीनेही वाचलं तर कळतं!"

"हो, आणि सणाच्या दिवसांचा नियम वेगळा आला, नासक्या मालाचा वेगळा आला, की तुझ्या फाइलीला ठिगळं! ओळीच्या सुरुवातीला एक रिकामी जागा कमी पडली तर रुसून बसते बया! आणि चुकलं कुठे ते शोधायला जावं, तर यंत्राने पोटात काय केलं ते कुणाला ठाऊक?"

"आणि तुझ्या कोडात काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? म्हणून तर तुला सुट्टी मिळत नाही!"

हे ऐकलं मात्र, हातातली वाटी मी ओट्यावर ठेवली. म्हणजे असं होतं तर! मला इतके दिवस वाटायचं पोरगा येत नाही म्हणजे माया कमी झाली, पुण्याचं पाणी लागलं. तर तसं नाही. ते सगळं याच्या डोक्यात. हा उठला की साखळी तुटते, दुसऱ्याला वाचताच येत नाही! त्याआधीच्या दिवाळीला आला होता हो, दोन दिवस, तर दोन्ही हात लॅपटॉपवर. मी ताटात घड ठेवून चार वेळा त्याच्यासमोरून गेले. चार वेळा! ह्यांनी दोन खाल्ली, ज्योती येऊन तीन घेऊन गेली, आणि हा मान वर न करता म्हणतो, "मम्मी, जरा सरक, नेट जातंय." एकदा जिभेवर आलंच होतं, अरे एक सोल ना रे! पण... सांगायचं नसतं ना!

मग मागच्या पर्युषणाला काय झालं, चेलना एकटीच आली. चार दिवस. तिची फाइल कुणालाही वाचता येते, तेव्हा तिला कोण अडवणार? पोरीने घर पुसलं, माझे पाय चेपले, संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, तिच्या दुसऱ्या दिवशी माझ्या उपासाचं पारणं झालं, आणि दुपारी जवळ येऊन बसली. हातात केळं. स्वतः सोललं, अर्धं मोडलं आणि माझ्यापुढे धरलं. कुणी न सांगता! आता बोला! सगळं जुळलं, एक नाव सोडून. मी मनात 'श्रेयांस' म्हटलं होतं, 'माझं लेकरू' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण म्हटलं नव्हतं ना. मी म्हटलं, "नको गं." ती म्हणाली, "अर्धंच, मम्मीजी." मी म्हटलं, "नको." आणि मग तिने हळूच विचारलं, "माझ्या हातचं नको?"

काय करू सांगा! तिने ते केळं तसंच हातात धरून ठेवलं बराच वेळ, मग स्वतः खाल्लं, साल नीट घडी घालून टाकली. दोन वर्षांत तेवढं जड मला काही गेलं नाही. आणि सांगायचं नसतं, सांगायचं नसतं...

संध्याकाळी जेवण आवरलं, सूर्य मावळायच्या आत आमचं सगळं आवरतं, तेव्हा तीच म्हणाली, तिच्या मनात काही राहत नाही हो, "मम्मीजी, ते येत नाहीत तर तुम्हीच चला ना पुण्याला." मी म्हटलं, "मी? आणि इथलं कोण बघणार? पाणी कोण गाळणार, ह्यांना वेळेवर कोण वाढणार, कोणत्या तिथीला हिरवी भाजी नाही ते कोण लक्षात ठेवणार? इथलं सगळं माझ्या डोक्यात आहे!"

चेलना हसायलाच लागली. म्हणाली, "आता कळलं ह्यांनी चार हजार ओळी कुठून आणल्या!"

लागलं मला. खोटं कशाला बोलू, लागलं. पण रात्रभर तेच घोळलं, आणि सकाळी मी वही काढली. म्हटलं आपणही घर कागदावर उतरवू. आधी लेकाच्या पद्धतीने. एक, गॅस पेटवा. दोन, डाळ-तांदूळ धुऊन कुकरला लावा. तीन, शिट्ट्या मोजा. चार, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. असं सत्तावीस पायऱ्या! आणि म्हटलं, आज मी चेलनाला घेऊन स्थानकात बसते दोनपर्यंत, तुम्ही करा. परत येऊन बघते तर भिकमचंदजी स्टूल टाकून कुकरसमोर बसलेले, वही मांडीवर. "काय झालं हो?" तर म्हणे, "दोन झाल्या. तिसरीची वाट बघतोय." अहो, सिलिंडर संपलेलं! साडेबाराला! "मग उठायचं ना!" तर बोट ठेवून दाखवतात, "चौथी पायरी बघ. तीन झाल्यावर लिहिलंय. सिलिंडर संपलं तर काय, ते कुठे लिहिलंय?" नव्हतं लिहिलं. श्रेयांसला फोन केला, तर तो गंभीरपणे म्हणतो, "मम्मी, ते लिहावंच लागतं. किती वेळ थांबायचं ते लिहायचं राहिलं तुझं." चूक माझीच!

मग सुनेच्या पद्धतीने. छोटा कागद. पाणी गाळून भरलेलं असावं. दुपारी एकपर्यंत जेवण झालेलं असावं. सूर्यास्ताआधी दुसरं जेवण झालेलं असावं. दूध नासू नये. इतकंच! कसं, ते तुमचं तुम्ही बघा. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परत स्थानकात बसलो. मन लागेल तर शपथ! दोनला घरी आले, तर पाणी गाळून भरलेलं, दूध तापवलेलं, ओटा लखलखीत, आणि हे पानसुपारी चघळत झोपाळ्यावर. "काय शिजवलंत?" "शिजवलं कुठे? स्कूटर काढली, नशिराबादला तुझ्या भावाकडे जेवून आलो. पुऱ्या होत्या. पाणी ज्योतीने गाळलं, दूधही तिनेच तापवलं." अहो, हे काय! तर कागद पुढे करतात, "यात शिजवायचं कुठे लिहिलंय? जेवण झालेलं असावं. झालं." त्यांचंही बरोबरच होतं की. नुसता शेवट सांगितला की वाट दुसरा निवडतो, आणि ती आपल्याला पटेलच असं नाही. म्हणून मग मी मधला मार्ग काढला. चार ओळी तशाच ठेवल्या, आणि जिथे ह्यांचा हमखास घोटाळा होतो, म्हणजे कुकर आणि तिथी, तेवढ्याच दोन ठिकाणी पायऱ्या लिहून दिल्या. सिलिंडरसकट!

आणि निघाले. चेलनाबरोबर गाडीत बसले, तेव्हा कुठे मनात चमकलं, अगं सज्जन, तू अट धरलीस लेकाने हाताने द्यावं. त्याने जळगावला यावं असं कुठे धरलं होतंस? ते तर मीच गृहीत धरलेलं! दोन वर्षं दाराकडे तोंड करून बसले, आणि दार दोन्हीकडून उघडतं हे सुचलंच नाही!

पण पुण्यातही काय सोपं आहे? पहिला दिवस गेला, नाही. दुसरा गेला, नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते, हात पिठात. श्रेयांस कानाला फोन लावून स्वयंपाकघरात आला, कुणाला तरी सांगतोय, "नाही नाही, दुसऱ्या गोदामातून बघ," टोपलीतलं केळं उचललं, बोलता बोलता सोललं, अर्धं मोडलं, आणि माझ्याकडे न बघताच... माझ्या तोंडात कोंबलं! आणि बोलत बोलत बाहेर! त्याला कळलंही नाही हो. हाताला आठवत होतं, त्याला नाही.

मी तशीच उभी. तोंड भरलेलं, डोळे भरलेले. चेलना धावत आली, "मम्मीजी, काय झालं?" हा परत आला, फोन हातात, घाबरून विचारतो, "मम्मी, नासकं निघालं का?"

मग सांगितलं. अट पुरी झाली की सांगायला हरकत नाही. आधी चेलनाला जवळ घेतलं, म्हटलं, "पोरी, त्या दिवशी तुझ्या हातचं नको नव्हतं गं, नाव घ्यायला चुकले होते." ती रडली, मी रडले. हा मात्र उभ्या उभ्या म्हणतो, "एवढंच? मम्मी, फोनवर सांगायचं ना, ये आणि केळं दे!" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर आला असतास?" खाली बघून म्हणाला, "नसतो आलो." खरं बोलला, तेवढं बरं वाटलं.

आणि त्यानेही मग मधला मार्ग काढला. साखळी कशी जोडली आहे ते चेलनासारखं फाइलीत, आणि अवघड गाठी तेवढ्या आपल्या कोडात. तीन महिने लागले, पण आता दुसऱ्यालाही वाचता येतं. परवाच आठ दिवसांची सुट्टी घेऊन आला. हो, इथे, जळगावला! लॅपटॉप न घेता! पहिला दिवस झोपला. दुसऱ्या दिवशी बघते तर ओट्यावर बसलाय, फोन मांडीवर, दर दोन मिनिटांनी उचलून बघतो. म्हटलं, "काय रे?" तर बारीक तोंड करून म्हणतो, "मम्मी, ऑफिसातून कुणाचाच फोन नाही. सगळं चाललंय."

मी त्याच्या शेजारी टेकले. म्हटलं, "मीही पुण्याहून रोज ह्यांना फोन करायची. पाणी गाळलं? गाळलं. जेवलात? जेवलो. काही अडलं? नाही. काहीच नाही? नाही गं, तू राहा निवांत!" बसलो मग दोघं मायलेक, एकमेकांकडे बघत.

तर बायांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, तुम्हीही असंच करा. मनात एक अट धरा, तुमच्या लेकराच्या नावाची. घर एका कागदावर उतरवा, नवऱ्याच्या हातात द्या, आणि लेकराची वाट न बघता तुम्हीच निघा. मागे घर कोसळेल अशी भीती वाटेल. नाही कोसळत हो... कोसळत नाही, तेवढं सोसायची तयारी ठेवा, आणि निघा!